घरचा पूल मिठावर न्यायचाय? आधी पाणी तपासा, मशीन नंतर घ्या

गेल्या काही वर्षांत भायली, सेवासी, सिंधरोट साइडला बंगले आणि फार्महाऊस भराभर झाले आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी छोटा-मोठा पूलही झाला, त्यामुळे दर उन्हाळ्यात घरातलं कुणीतरी हा विषय काढतंच, की ते मिठावालं मशीन बसवलं तर क्लोरीनची कटकट जाते का, पोरांचे डोळे लाल व्हायचे थांबतात का, पाणी समुद्रासारखं खारट लागतं का. दर वेळी फोनवर अर्धं सांगायचं आणि अर्धं राहून जायचं, त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. बडोद्याच्या हिशोबाने लिहितोय, म्हणजे इथलं ऊन, इथलं बोअरचं पाणी आणि इथला पावसाळा धरून.

पहिली गोष्ट. मिठाचा पूल हा क्लोरीनचाच पूल आहे. फरक एवढाच की क्लोरीन कॅनमधून ओतायच्या ऐवजी पाइपात बसवलेल्या सेलमध्ये तयार होतं. रणोलीला जीएसीएल ही केमिकल कंपनी आहे ना, १९७३ साली स्थापन झालेली, तिथे मिठाच्या पाण्यातून करंट सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढतात, तोच प्रकार तुमच्या पंपरूममध्ये हातभर लांबीच्या डबीत होतो. सेलमध्ये टायटॅनियमच्या प्लेटा असतात, त्यांच्यावर रुथेनियम-इरिडियमचं कोटिंग, त्यांच्यामधून खारट पाणी गेलं आणि डीसी करंट दिला की एका बाजूला क्लोरीन बनतं आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे आणि कॉस्टिक. क्लोरीन तिथेच पाण्यात विरघळतं, शेवाळं-जंतू मारतं आणि काम झालं की पुन्हा मीठ होतं. म्हणून मीठ संपत नाही. ते जातं फक्त पाण्याबरोबर, बॅकवॉशमध्ये (उलटं पाणी सोडून फिल्टर धुतो त्यात), पोरांच्या उड्यांमध्ये, पावसात पूल भरून वाहिला तर. पाणी नुसतं उन्हाने उडालं तर मीठ तिथेच राहतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चवीचं म्हणाल तर समुद्रात साधारण ३५,००० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) मीठ असतं आणि पूलला ३,२०० च्या आसपास लागतं, म्हणजे दहावा भागही नाही. तोंडात गेलं तर हलकंसं कळतं, बस. डोळ्यांचं म्हणाल तर जळजळ आणि तो उग्र वास हे जास्त क्लोरीनमुळे क्वचितच असतं, घाम-लघवी-तेल यांच्याशी क्लोरीन जुळून जी क्लोरामाइन्स बनतात त्यांची ती करामत असते, किंवा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे हे सांगणारा आकडा, बिघडलेला असतो. मिठाच्या सिस्टीममध्ये रोज थोडं थोडं क्लोरीन बनत राहतं म्हणून हा त्रास कमी होतो, पण पोहायच्या आधी आंघोळ न करता पंधरा पोरं उतरवली तर कुठलीच सिस्टीम वाचवणार नाही.

आता माझं स्पष्ट मत. पूल जर छोटा असेल, पंधरा-वीस हजार लिटरचा, आणि वर्षातून दोन महिनेच वापरत असाल, तर हे करू नका, लिक्विड क्लोरीन टाकत राहा, पैसे वाचतील. ज्यांचा पूल बाराही महिने भरलेला असतो, जे आठवड्यातून एकदाच फार्मवर जातात आणि मधल्या दिवसांत माळीकाकांच्या भरवशावर असतात, त्यांच्यासाठी हे मशीन खरंच कामाचं आहे.

पूल किती लिटरचा, हे आधी काढा

बांधणारा जे बोलला ते धरू नका, टेप घेऊन मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, मीटरमध्ये मोजलं तर उत्तराला हजाराने गुणा, फुटात मोजलं तर २८.३ ने. समजा २६ फूट बाय १५ फूट आणि सरासरी खोली साडेचार फूट, तर १,७५५ घनफूट झाले, म्हणजे जवळजवळ ५०,००० लिटर. पुढचे सगळे आकडे मी याच ५०,००० वर सांगतोय, तुम्ही तुमच्या पूलप्रमाणे कमी-जास्त करा.

पाणी तपासणं, सगळ्यात महत्त्वाचं काम

लोक आधी मशीन घेतात, लावतात, मीठ ओतून मोकळे होतात आणि मग चार महिन्यांनी म्हणतात सिस्टीम बेकार आहे. सिस्टीम ठीक असते, पाणी आधीपासूनच बिघडलेलं असतं. त्यामुळे मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी पाण्याचे पाच आकडे हातात पाहिजेत, पीएच, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), कॅल्शियम हार्डनेस, स्टॅबिलायझर आणि आत्ता पाण्यात मीठ किती आहे ते. ती दोन थेंब टाकले की पिवळी होणारी स्वस्त किट असते ना, ती फक्त टोटल क्लोरीन दाखवते, कामाचं किती आणि बेकाम किती हे तिच्यात कळत नाही. गुलाबी रंगाची डीपीडीवाली किट घ्या, आणि हार्डनेस-स्टॅबिलायझरसाठी वेगळ्या थेंबांची. सगळं घरी करायचा कंटाळा असेल तर पाण्याची बाटली भरून कुठल्याही पाणी तपासणाऱ्या लॅबला द्या, पण स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ऍसिड, बघा असं वेगळं सांगा कारण पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या टेस्टमध्ये ते नसतं.

स्टॅबिलायझरवर जरा थांबतो कारण गोची इथेच होते. क्लोरीन उन्हात टिकत नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पूलमधलं अर्ध्याहून जास्त क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातं, म्हणून पाण्यात हा स्टॅबिलायझर लागतोच, तो क्लोरीनला उन्हापासून धरून ठेवतो. मिठाच्या सिस्टीमला ६० ते ८० पीपीएम बरा. पण ज्यांनी वर्षानुवर्षं टीसीसीए ९० च्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकून पूल चालवलाय त्यांच्याकडे उलटं होतं, त्या गोळीतच स्टॅबिलायझर असतो, गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की मागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर राहतो, आणि तो ना उडतो ना गाळला जातो, साठतच जातो. शंभरच्या वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखं, किटमध्ये ३ दिसतंय आणि पूल तरी हिरवा. अशा पाण्यात तुम्ही कितीही महागाचा सेल लावा, तो बिचारा दिवसभर चालून चालून लवकर मरणार. उपाय एकच, थोडं पाणी काढून नवीन भरायचं. १२० वरून ६० वर यायचं तर अर्धं पाणी बदलावं लागतं, त्यात काही शॉर्टकट नाही.

पाणी काढायचं काम होळीच्या आसपास उरका. पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर लगेच पूल रिकामा करू नका, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकाम्या पूलला खालून उचलून फोडू शकतं, विश्वामित्री नदीच्या जवळ ज्यांची जागा आहे त्यांनी तर हे आणखीच सांभाळावं. आणि कोरड्या सीझनमध्येसुद्धा एकदम पूर्ण रिकामा करण्यापेक्षा अर्धा-अर्धा बदलणं जास्त सेफ.

आता कॅल्शियम. ज्यांच्याकडे महानगरपालिकेचं पाणी आहे, आजव्याचं किंवा महीचं, त्यांना एवढी चिंता नाही. बोअरवाल्यांना आहे. बाथरूमच्या नळाला पांढरा थर येतो, गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत खराब होते, अशा घरचं पाणी पूलमध्ये असेल तर सेलच्या प्लेटांवर तोच थर येणार, आणि जास्तच वेगाने, कारण प्लेटेच्या अगदी लगत पीएच खूप वर जातो आणि कॅल्शियम तिथे चिकटतं. २०० ते ४०० पीपीएमच्या मध्ये असेल तर उत्तम. त्याच्या बऱ्याच वर असेल तर पूल भरताना निम्मं तरी गोड पाणी मिळवा, टँकरचं किंवा पावसाचं गाळलेलं, आणि ब्लीचिंग पावडर टाकायची सवय बंद करा, त्यातूनही कॅल्शियमच जातं पाण्यात.

मीठ आधीच किती आहे हे बघायचं कारण असं की ज्यांनी कॅनचं लिक्विड क्लोरीन वापरलंय त्यांच्या पाण्यात मीठ आपोआप जमलेलं असतं, वर बोअरचं खारेपण असतं. आरओवाल्याकडे असतं तसं टीडीएसचं पेन घरोघरी असतं हल्ली, पण ते कॅल्शियम, सल्फेट सगळंच मोजतं, मीठ वेगळं दाखवत नाही. पहिल्यांदा मिठाची स्ट्रिप किंवा लॅबचा क्लोराइडचा आकडा घ्या आणि त्याच दिवशी पेनचंही रीडिंग वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे पेनवर किती वाढलं-घटलं यावरून मिठाचा अंदाज घेता येतो.

आजूबाजूचा दगड आणि लोखंड

खारं पाणी काठावर उडतं, वाळतं, आणि मीठ मागे राहतं. ग्रॅनाइटला काही होत नाही, चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलला पण नाही, कोटा बऱ्यापैकी टिकतो. पण काठाला ध्रांगध्राचा किंवा तसलाच मऊ, पाणी पिणारा सँडस्टोन लावला असेल तर जुन्या भिंतीला लोणा लागतो तसंच होतं, मीठ दगडाच्या आत जाऊन स्फटिक धरतं आणि वरचा पापुद्रा सुटत जातो. आधी त्याला आत मुरणारं सिलेन-सिलॉक्सेन सीलर मारून घ्या आणि पोहून झाल्यावर काठावर साध्या पाण्याचा पाइप फिरवायची सवय लावा. वरून चकचकीत थर देणारं सीलर नको, त्याने आतलं मीठ आतच अडकतं.

शिडी बघा. एसएस ३०४ ची असेल तर काही महिन्यांत चहाच्या रंगाचे डाग धरायला लागतील, ३१६ ची असेल तर निवांत. बदलायची नसेल तर पाइपलाइनला झिंक ऍनोड लावून मिळतो, तो आधी झिजतो आणि शिडी वाचते. हीट पंप असेल तर त्याच्यातला एक्स्चेंजर टायटॅनियमचा आहे का हे कंपनीला विचारा, तांब्याचा असेल तर विचार करूनच पुढे जा. आणि पूलच्या लाइटी १२ व्होल्टच्याच आहेत ना, हे कुठलीही सिस्टीम असो, बघाच.

मशीन किती मोठं घ्यायचं

दुकानदार पूलच्या लिटरवर मशीन दाखवतो, तुम्ही तासाला किती ग्रॅम क्लोरीन बनतं ते विचारा. उन्हाळ्यात आपल्याकडे उघडा पूल दिवसाला ४ पीपीएमपर्यंत क्लोरीन खातो असं धरून चाला. ५०,००० लिटरला ४ पीपीएम म्हणजे २०० ग्रॅम. पंप आठ तास चालवणार असाल तर २०० भागिले ८, म्हणजे तासाला २५ ग्रॅम. याच्यापेक्षा छोटं मशीन घेतलं की मेमध्ये ते शंभर टक्क्यांवर चालत राहणार आणि तरी कमी पडणार. मोठं घेतलं तर ५० टक्क्यांवर आरामात चालतं आणि सेल जास्त वर्षं टिकतो, कारण सेलचं आयुष्य तासांवर असतं, साधारण तीन ते सात वर्षं, कसं वापरता त्यावर. म्हणून लिटरने बघितलं तर पूलच्या दीड ते दोन पट क्षमतेचं.

घेताना दोन गोष्टी पक्क्या करा. पोलॅरिटी उलटी होणारं पाहिजे, म्हणजे मशीन काही तासांनी प्लस-मायनस बदलतं आणि प्लेटांवरचा थर बराचसा आपोआप सुटतो, आपल्या जड पाण्याला हे लागतंच. आणि बदलीचा सेल इथे मिळतो का, किती दिवसांत मिळतो हे आधी विचारा, मशीनच्या किमतीतला मोठा भाग त्या सेलचाच असतो आणि तोच जाणार आहे, कंट्रोलचा डबा नाही.

फिटिंग

प्लंबरकाम अवघड नाही. क्रम असा, पंप, मग सँड फिल्टर, मग हीटर असेल तर तो, आणि सगळ्यात शेवटी सेल, तिथून पाणी थेट पूलमध्ये. सेल हीटरच्या आधी कधीच नको. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारे जोड, टाका, नाहीतर दर वेळी साफ करायला पाइप कापत बसाल. सॉल्व्हेंट लावल्यावर एक दिवस सुकू द्या. जुना गोळ्यांचा फीडर लाइनमध्ये असेल तर काढूनच टाका, त्यातलं आम्लाचं पाणी प्लेटांचं कोटिंग खातं.

वायरिंग मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, इथे ओळखीचा मुलगा नको. सेलला करंट फक्त पंप चालू असतानाच मिळाला पाहिजे, म्हणजे दोघांचं कनेक्शन एकाच टायमरवरून आणि वर फ्लो स्विच. पाणी थांबलेलं आणि सेल चालू, असं झालं तर आत हायड्रोजन साठतो आणि तो गॅस भडकणारा आहे, यात हयगय चालत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, आणि शिडी-पंप-लाइटचे धातूचे भाग एकमेकांना तांब्याच्या वायरने जोडलेले. साधा चक्रीवाला टायमर असेल तर लाइट जाऊन आली की तो मागे पडतो, महिन्यातून एकदा घड्याळाशी जुळवा नाहीतर दिवसा चालायचा पंप रात्री चालतोय आणि कुणाला पत्ताच नाही.

अजून एक, पंपरूममध्ये ऍसिडचा कॅन कंट्रोल पॅनलच्या खाली ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. त्याच्या वाफेने आतलं सर्किट हिरवं पडून जातं. कॅन बाहेर, सावलीत, मुलांच्या हाताला न लागेल असा, आणि क्लोरीनच्या कॅनपासून लांब, दोन्ही एकमेकांत मिसळले तर विषारी गॅस निघतो. तसंच टीसीसीएची गोळी आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात किंवा एकाच चमच्याने कधीच नाही, पेट घेतात.

मीठ कुठलं आणि किती

आपण गुजरातमध्ये राहतो, देशातलं बहुतेक मीठ इथलंच, खाराघोडा-कच्छकडून येतं, त्यामुळे मीठ मिळायची अडचण नाही, बरोबर मीठ मागायची आहे. आगरातलं कच्चं जाडं मीठ स्वस्त पडतं पण त्यात माती, कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. घरचं आयोडीनवालं मिठाचं पाकीट पण नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे टाकतात त्याने पूलच्या तळाला डाग पडू शकतात. केमिकलवाल्याकडे जाऊन रिफाइंड इंडस्ट्रियल मीठ मागा, बिगर आयोडीन, बिगर अँटिकेकिंग, ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला ५० किलोच्या गोणीत मागितलं तर कुणी वेड्यात काढणार नाही.

हिशोब सोपा आहे. जेवढं पाहिजे त्यातून जेवढं आहे ते वजा करा, लिटरने गुणा, दहा लाखाने भागा, किलोत उत्तर. पाण्यात आधीच ८०० असेल आणि ३,२०० करायचं असेल तर २,४०० गुणिले ५०,००० भागिले १०,००,०००, म्हणजे १२० किलो. बहुतेक मशीन २,७०० ते ३,४०० च्या मध्ये चालतात, काही जास्त मागतात, तुमच्या मशीनच्या पुस्तकात असेल ते अंतिम.

पण १२० किलो एकदम टाकू नका. आधी १०० टाका, दुसऱ्या दिवशी मोजा, मग बाकीचं. कमी पडलं तर टाकता येतं, जास्त झालं तर पाणी फेकल्याशिवाय कमी होत नाही.

टाकायची पद्धत अशी की सेल बंद, पंप चालू, आणि गोणी घेऊन कडेकडेने फिरत उथळ बाजूला पसरत जायचं, स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठाच्या तोंडात, ओतायचं नाही. मीठ तळाला बसतं, ते लांब ब्रशने हलवत राहा. पंप पूर्ण एक दिवस चालू दे. सगळं विरघळल्यावर, पुन्हा मोजल्यावर, मगच सेल चालू. घाई करून अर्धवट विरघळलेल्या पाण्यात सेल चालवला तर तो जास्त करंट ओढतो. नवीन सिमेंटचा किंवा प्लास्टरचा पूल असेल तर महिनाभर मीठ टाकूच नका, आधी प्लास्टर पिकू दे.

त्याच दिवशी लिक्विड क्लोरीनने पाणी ३ पीपीएमवर आणून ठेवा. सेल रोजची गरज भागवायला आहे, हिरवा पूल निळा करायला नाही. स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर ५०,००० लिटरला ६० पीपीएमसाठी ३ किलो लागतो, जुन्या सुती मोज्यात भरून पाणी येतं त्या तोंडासमोर लटकवा, हळूहळू विरघळतो, आणि किटमध्ये पूर्ण दिसायला आठवडा लागू शकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी कमी दिसतंय म्हणून आणखी टाकू नका.

चालू झाल्यावर

सुरुवातीला ५० टक्क्यांवर ठेवा आणि पहिले पंधरा दिवस रोज क्लोरीन बघा, नेहमी एकाच वेळी, सूर्य मावळल्यावर बघितलं तर दिवसभराचं ऊन खाऊन काय उरलं ते कळतं. २ ते ४ मध्ये ठेवायचं. कमी पडतंय तर दहा टक्के वाढवा आणि दोन दिवस थांबा. उन्हाळ्यात टक्के वाढवून भागत नसेल तर पंपाचे तास वाढवा. वाढदिवसाची पार्टी झाली, वीस माणसं उतरली, तर त्या रात्री बाहेरून लिक्विड क्लोरीन द्या, सगळं सेलवर टाकू नका.

पीएच मात्र वर जाणार. सतत वर जाणार. सेलमधले बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि पीएच चढत राहतो, हे मशीन खराब असल्याचं लक्षण नाही. ७.२ ते ७.८ च्या मध्ये राहिला पाहिजे, ७.५-७.६ ला ठेवलात तर छान. आठवड्यातून दोनदा तरी तपासा आणि चढला की हायड्रोक्लोरिक ऍसिड, ५०,००० लिटरला एका वेळी पाव लिटरपासून सुरू करा, बादलीत आधी पाणी मग ऍसिड, उलटं कधीच नाही, हातमोजे-चष्मा घालून, पंप चालू ठेवून खोल बाजूला ओता आणि काही तासांनी पुन्हा मोजा. फार पटापट चढत असेल तर अल्कलिनिटी बघा, मिठाच्या पूलला ६० ते ८० पुरते, १२०-१५० असेल तर रोज ऍसिड ओतत बसाल. कमी असेल तर खायचा सोडा, ५०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण ८५० ग्रॅम.

जे म्हणतात मिठाच्या पूलला काही बघावं लागत नाही, त्यांचा पीएच ८.४ असतो आणि सेल पांढराफटक.

दर दोन-तीन महिन्यांनी सेल उघडून उजेडासमोर धरा. प्लेटांमध्ये पांढरे खवले दिसले तरच धुवा, उगाच ऍसिडने धुतलं की कोटिंग झिजतं. चार भाग पाण्यात एक भाग ऍसिड, सेल त्यात उभा, बुडबुडे थांबले की बाहेर, दहा-पंधरा मिनिटांच्या वर नाही, मग साध्या पाण्याने खळखळून. पेचकस किंवा तारेच्या ब्रशने खरवडायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

मशीनवर मीठ कमी असल्याचा लाल दिवा लागला की लोक गोणी फोडतात. थांबा. मशीन मीठ थेट मोजत नाही, करंटवरून अंदाज बांधतं. सेल मळलेला असेल तरी तोच दिवा, सेल म्हातारा झाला तरी तोच, पाणी गार झालं तरी तोच. आधी सेल बघा, मग स्ट्रिपने मीठ मोजा, मग मीठ. जानेवारीत पाणी पंधरा-सोळा डिग्रीच्या खाली गेलं तर बरीच मशीन स्वतःहून क्लोरीन बनवणं थांबवतात, त्या थंडीत गरजही कमी असते, तेवढे दिवस हाताने थोडं लिक्विड टाका.

पावसाळा आणि सांडपाणी

भरलेल्या पूलमध्ये पाऊस पडतो तेव्हा वरून गोड पाणी येतं आणि ओव्हरफ्लोमधून खारं पाणी जातं. सरासरी १४० सेंटिमीटर खोल पूलमध्ये १४ सेंटिमीटर पाऊस पडून वाहून गेला तर साधारण दहावा हिस्सा मीठ गेलं, ३,२०० चं २,९०० झालं. आपल्याकडे असा पाऊस एका-दोन दिवसांतही होतो. पण दर सरीनंतर मीठ टाकू नका, नवरात्र येईपर्यंत थांबा, मग एकदाच मोजून भरा, मधे फारच खाली गेलं तरच टाका. स्टॅबिलायझर पण त्याच प्रमाणात गेलेला असतो, तो विसरतात सगळे.

पुराचं पाणी पूलमध्ये शिरलं तर ही सिस्टीम लगेच बंद करा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री चढली तेव्हा मगरी सोसायट्यांमध्ये आल्या होत्या, त्यामुळे नदीकाठच्यांनी गढूळ पूलमध्ये हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघा, हसू नका, आणि दिसली तर वनखात्याला फोन. पॅनल आणि पंप इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत. गाळ काढून, पाणी बदलून, लिक्विड क्लोरीनने पूल साफ झाल्यावरच पुन्हा मीठ.

शेवटचं काम, बॅकवॉशचं पाणी. आधी ते बागेत सोडत असाल, बहुतेक जण सोडतात. आता सोडू नका, तीन हजार पीपीएमच्या पाण्याने गुलाब, मोगरा, आंब्याचं कलम सगळंच पानांच्या टोकापासून जळत येतं आणि माती कडक होते. लॉनला पण नाही. आणि पावसाचं पाणी बोअरमध्ये उतरवायला रिचार्ज खड्डा केला असेल तर पूलच्या ओव्हरफ्लोचा पाइप त्यात जात नाही ना हे आजच बघून घ्या, खूप ठिकाणी प्लंबरने जवळचा म्हणून तोच जोडलेला असतो, म्हणजे तुमचंच मीठ तुमच्याच बोअरमध्ये. ते पाणी ड्रेनेजमध्येच गेलं पाहिजे. ड्रेनेजची लाइन नसलेल्या फार्मवर वेगळी सोय जमत नसेल, तर सँड फिल्टरच्या ऐवजी कार्ट्रिज फिल्टर लावा, त्याला बॅकवॉश लागत नाही, कार्ट्रिज काढून पाइपाखाली धुतली की झालं आणि मीठही पूलमध्येच राहतं. प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० पीएसआयने वर गेलं की धुवायची, एवढं माळीकाकांना गेजवर लाल पेनाने खूण करून दाखवून ठेवा.